लोकर फुकट मिळते, हात फुकट नाहीत
(प्रभागसंघाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणातून)

खालच्या चटईवर मघापासून दाटीवाटीनं बसलाय, म्हणून फार लांबण लावत नाही. आजचा विषय बसायच्याच वस्तूंचा आहे. घोंगडी, जेन, आसनं, पायपुसणी. सरसच्या प्रदर्शनात आता गिऱ्हाईक विचारतं, "ताई, हे नैसर्गिक आहे का?" आपण पटकन "हो" म्हणतो. त्या "हो"बद्दल बोलायचंय.

माण, जत, आटपाडी, सांगोला ही आपली मेंढरांची मुलखं. दख्खनी मेंढीची लोकर राठ. अंगावर घालायला टोचते, पण जमिनीवर अंथरायला तिच्यासारखी दुसरी नाही. राठ असते म्हणूनच तुडवली तरी टिकते. ओल शोषून घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. ठिणगी पडली तर भडकत नाही, जागेवरच करपते. काळी, पांढरी, करडी असे रंग तर मेंढीच देते, रंगवायचा खर्च नाही. एवढं असूनही पुष्कळ ठिकाणी कातरलेली लोकर बांधावर टाकून देतात. मेंढपाळ कातरणाऱ्याला पदरचे पैसे देतो आणि लोकर घ्यायला कुणी येत नाही. म्हणून आता कमी लोकरीची, मटणासाठीची माडग्याळ मेंढी पाळायकडे कल वाढलाय. त्यात त्याचं काय चुकलं? पोट त्यालाही आहे.

मग आपल्या बायका म्हणतात, लोकर तर फुकटच मिळते, म्हणजे आसन विकलं की सगळा नफाच. इथंच आपण फसतो. हिशेब मांडून बघू. समजा दोन फुटी आसन आहे. लोकर निवडणं, धुणं, पिंजणं याला ४ तास. सूत कातायला १० तास. विणून काठ बांधायला ६ तास. झाले २० तास. ताशी ५० रुपये धरले तर मजुरीच १,००० रुपये. चिंचोक्याची खळ, गाडीभाडं, मागाचा खर्च मिळून १५० धरा. म्हणजे १,१५० च्या खाली ते आसन पडूच शकत नाही. तेच आपण ५०० ला देऊन आलो, तर खर्च जाऊन ३५० उरले. २० तासांनी भागा. ताशी साडेसतरा रुपये! आकडे नमुन्याचे आहेत. तुमचे तास तुम्ही घड्याळ लावून वहीत मांडा, अंतर्गत कर्जाचा हप्ता मांडतो तसे.

आणि एक बघा. घोंगडीत विणणाऱ्या सनगराचं नाव होतं, विकणाऱ्याचं नाव होतं. चरख्यावर सूत कातणारी घरातली बाई मात्र हिशेबात कुठंच नव्हती. तिचे ते दहा तास "रिकामा वेळ" म्हणून गेले. आता वही आपल्या हातात आहे, तर पहिली ओळ कताईची लिहायची.

आता गिऱ्हाईक १,१५० का देईल? माल खरा असेल तरच देईल. बाजारात अ‍ॅक्रिलिकची घोंगडीही मिळते, दिसायला काळीभोर आणि हाताला मऊ. तिच्याशी किमतीत आपण टिकणार नाही, आणि टिकायचा हट्टही नको. पण आपल्याच सुतात कुणी स्वस्त धागा मिसळला, तर आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला?

ओळखायचं सोपं आहे. धाग्याचा तुकडा चिमट्यात धरून पेटवा. खाली पाण्याची वाटी ठेवा आणि पदर आवरून बसा. लोकरीला केस जळाल्याचा वास येतो आणि राहिलेलं बोटानं चुरडतं. सूत, ताग, काथ्या कागदासारखे जळतात आणि मऊ राख होते. अ‍ॅक्रिलिक, पॉलिस्टर वितळतं आणि मागे टणक मणी राहतो. हा मणी दिसला की समजायचं. धागा विकत घेताना दुकानातच तुकडा मागून घ्या.

कोकणातल्या काथ्याच्या पायपुसण्यांचंही तसंच. वरून काथ्या आणि पाठीला पीव्हीसीचा थर असला, तर ते सगळं नैसर्गिक कसं म्हणायचं? पायपुसणं घेताना उलटं करून बघायची सवय लावा. आणि जुन्या साड्यांच्या चिंध्यांचे गालिचे? ते जरूर करा, टाकाऊ वस्तू कामाला येते. पण आजकालच्या साड्या बहुतेक पॉलिस्टरच्या. तिथं चिठ्ठीवर "जुन्या साड्यांपासून" एवढंच लिहा. त्यालाही गिऱ्हाईक आहे.

रंग द्यायचाच तर डाळिंबाची साल आणि तुरटी चांगला पिवळा देतात. त्यातच गंजक्या लोखंडाचं पाणी पडलं की रंग गडद होतो. ज्यांच्याकडे डाळिंबाच्या बागा आहेत त्यांनी साली वाळवून ठेवा. लोकर धुताना रिठ्याचं कोमट पाणी घ्या आणि हलक्या हातानं बुडवून काढा. कपड्यासारखी खसाखसा चोळू नका. लोकरीच्या केसाला बारीक खवले असतात, चोळलं की ते एकमेकांत अडकून गोळा होतो. जेन याच गुणावर होतं, विणावं लागत नाही. पण जेन करायचं म्हणून झालं तर ठीक, धुताना झालं तर सूत निघत नाही.

पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येक गटानं दोन गोष्टी आणायच्या. एक, वापरत असलेल्या प्रत्येक धाग्याचा वीतभर तुकडा. तिथंच पेटवून बघू. दुसरं, एका आसनाच्या तासांची वही. सीआरपी ताई दर ठरवायला बसतील. लिहिता येत नसेल तिनं भिंतीवर कोळशानं रेघा ओढल्या तरी चालतील, मोजायला मी येते.