साठवलेलं कॉन्फिगरेशन शिळं झालं तर?

लोकलमध्ये असाल, नाहीतर भांडी घासता घासता ऐकत असाल, आजचा विषय आहे ॲप लवकर सुरू कसं करायचं. आणि ते करताना मी केलेली एक चूक.

तेव्हा मी एका दवाखान्याच्या सॉफ्टवेअरवर काम करत होतो. डॉट नेटमध्ये, आणि डेटाबेससाठी एनहायबरनेट. जावातल्या हायबरनेटचा हा डॉट नेट भाऊ. कोडमधली कुठली प्रॉपर्टी टेबलच्या कुठल्या कॉलममध्ये जाणार, हे आपण मॅपिंगमध्ये लिहायचं, बाकीचं एसक्यूएल तो बघतो.

पण ॲप सुरू होताना तो सगळी एक्सएमएल मॅपिंग वाचतो, तपासतो आणि मग सेशन फॅक्टरी बांधतो. आमच्याकडे दोनशेच्या वर क्लास होते. सर्व्हर रीस्टार्ट झाला की काउंटरवरची ताई स्क्रीनकडे बघत बसायची.

अंदाज न करता मी आधी मोजलं. ३१ सेकंद, त्यातले १९ नुसत्या मॅपिंगचे. रोज तेच वाचायचं, उत्तर रोज तेच! मग ते एकदाच का नको? एनहायबरनेटचा कॉन्फिगरेशन ऑब्जेक्ट सीरियलाइज करता येतो. तो फाइलमध्ये ठेवला. पुढच्या वेळी फाइल असेल तर तीच उचलायची. फॅक्टरी तरीही बांधावी लागते, पण वेळ आला १४ सेकंदांवर. मी खूश!

महिन्याभरानं आम्ही पेशंटच्या माहितीत नवीन रकाना दिला: औषधाची ॲलर्जी. क्लासमध्ये प्रॉपर्टी, मॅपिंगमध्ये ओळ, टेबलमध्ये कॉलम, सगळं केलं. डॉक्टर भरायचे, ‘सेव्ह झालं’ दिसायचं, एरर काही नाही. तीन दिवसांनी त्यांचा फोन आला, “अहो, काल पेनिसिलिन लिहिलं होतं, आज रकाना कोरा कसा?”

पोटात गोळा आला. सर्व्हरवर जुनीच फाइल होती. तिच्यातल्या मॅपिंगला ॲलर्जी माहीतच नव्हती, म्हणून एनहायबरनेट ती प्रॉपर्टी गुपचूप सोडून देत होता. मी फक्त ‘फाइल आहे का’ एवढंच विचारलं होतं. ‘ताजी आहे का’ हे विचारलंच नव्हतं.

नशीब, डॉक्टरांच्या कागदी वहीत नोंदी होत्या. आम्ही बसून सगळ्या परत भरल्या.

मग दुरुस्ती. आधी फाइलची तारीख डीएलएलच्या तारखेशी ताडली. पण कॉपी करताना जुनी तारीख तशीच येऊ शकते. म्हणून डीएलएलचा हॅश काढून तोच फाइलच्या नावात घातला. डीएलएल बदलली की नाव बदलतं, जुनी फाइल आपोआप बाद. आणि फाइल वाचता आली नाही, तर सरळ सगळं पहिल्यापासून वाचायचं.

आज हीच युक्ती जशीच्या तशी करू नका हं. त्यासाठी लागणारा बायनरी फॉर्मॅटर सुरक्षित नाही, आणि डॉट नेट ९ मधून तो काढलाय. एंटिटी फ्रेमवर्क कोअर वापरत असाल, तर आवृत्ती ६ पासून कंपाइल्ड मॉडेल आहे. पण तिथेही मॉडेल बदललं की ते नव्यानं तयार करावं लागतं. नियम तोच!

वेळ वाचवायला काहीही साठवताना आधी ठरवा, ते शिळं झालंय हे कळणार कसं. उत्तर नसेल, तर ते १७ सेकंद जाऊ देत.

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!