लेखकाला वेळ कोण देतं?

लेखनाचा विषय निघाला की दोन समजुती हमखास पुढे येतात. चित्त थाऱ्यावर असल्याशिवाय चार ओळी लिहून होत नाहीत, ही एक. पोळल्याशिवाय खरं लिहिताच येत नाही, ही दुसरी. दोन्ही एकमेकींच्या विरोधात आहेत, तरी कित्येकदा एकाच लेखकाच्या तोंडी सुखानं नांदतात. त्यांचं गृहीतक मात्र एकच आहे: लिहून होणं न होणं लेखकाच्या मनावर ठरतं. मला हे गृहीतकच मान्य नाही. संसारातले चढउतार कुणालाच चुकत नाहीत. त्यांतून लेखन तगतं ते लिहिणाऱ्याला सलग वेळ मिळतो तेव्हा, आणि तो वेळ बहुधा दुसऱ्या कुणाच्या तरी श्रमातून आलेला असतो.

साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी 1933 मध्ये पाच दिवसांत लिहिली. हे सांगताना आपण त्यांच्या मातृवियोगावर भर देतो. पण आई गेली 1917 मध्ये. वियोगानंच पुस्तक लिहवून घेतलं म्हणावं, तर मधल्या वर्षांचं काय? त्या वर्षांत शिक्षण होतं, अंमळनेरची शाळा होती, वसतिगृहातली मुलं होती, मग चळवळ आली. तुरुंगात नेमून दिलेलं काम उरकलं की उरलेला वेळ त्यांचा होता. लोकमान्यांचंही तेच. मधुमेह जडलेला, सहा वर्षांची शिक्षा, घर समुद्रापार. तरी 'गीतारहस्या'चा खर्डा मंडालेत 1910-11 च्या हिवाळ्यात शिसपेन्सिलीनं उतरला. विषय डोक्यात कितीतरी आधीपासून होता. 'केसरी'च्या धबडग्यात त्याला जागा नव्हती एवढंच. (तुरुंगवास लेखकांना मानवतो, असा अर्थ कृपया काढू नये, सरकारं त्या बाबतीत तशीही उत्साही असतात.) आणि ते मंडालेत असताना पुण्यातलं घर त्यांच्या पत्नी सत्यभामाबाईंच्या माथी होतं. 1912 मध्ये त्या वारल्या. 1915 मध्ये छापून आलेला ग्रंथ त्यांनी पाहिला नाही.

पण माझ्या म्हणण्याला सर्वांत मोठा आधार मिळतो तो एकाच छताखालच्या दोन लेखकांकडून. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यापायी पत्नी लक्ष्मीबाईंशी ताटातूट झाली, नातलग दुरावले, पुढे पुन्हा एकत्र संसार उभा राहिला. पैसा टिकत नसे, पाहुणे आणि आश्रित सुटत नसत. हे सगळं दोघांच्याही वाट्याला आलं. रेव्हरंड टिळकांची कविता याच ओढाताणीत चालू राहिली. लक्ष्मीबाईंनीही कविता केल्या, पतीच्या मागे त्यांचं अपुरं 'ख्रिस्तायन' पुरं केलं. पण ज्या गद्यामुळे आज त्यांचं नाव घेतो त्या 'स्मृतिचित्रां'चा पहिला भाग पुस्तकरूपानं आला 1934 मध्ये, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी. सुखदुःखं तीच, घर तेच. एकाचं लेखन त्या त्या काळात होतं आणि दुसऱ्याचं चाळीस वर्षं मागे पडतं, हा फरक मनःस्थितीनं कसा समजवायचा? तो समजतो स्वयंपाकघर कुणाकडे होतं हे पाहिलं की.

यावर कुणी म्हणेल, त्या चाळीस वर्षांच्या अंतरामुळेच तर लक्ष्मीबाईंना स्वतःच्या हालांकडे हसून पाहता आलं. यात तथ्य आहे. ताज्या जखमेतून तो विनोद आला नसता, हे मीही मानतो. पण अंतर राखणं वेगळं आणि सवडच नसणं वेगळं. सवड मिळाली असती तर त्यांनी आधी काय लिहिलं असतं, याचा अंदाजसुद्धा आपल्याला करता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे: अण्णा भाऊ साठ्यांना कुणी वेळ दिला? घाटकोपरच्या चिरागनगरात, हातातोंडाची गाठ पडत नसताना, त्यांनी 'फकिरा' लिहिली. खरं आहे. मात्र ते अगदी एकटे नव्हते. 1944 मध्ये उभं राहिलेलं लाल बावटा कलापथक, गवाणकर आणि अमर शेखांसारखे साथी, पोवाडा-लोकनाट्याची वाट पाहणारा कामगार श्रोता, हे पाठीशी होतं. आणि किंमत? पन्नाशीही न गाठता 1969 मध्ये ते हलाखीतच गेले. या उदाहरणावरून लेखकाला गरिबी पोषक ठरते असं म्हणणारा माणूस त्यांच्या कादंबऱ्या मोजतो, न लिहिल्या गेलेल्या मोजत नाही.

म्हणून, 'मन सांभाळा, रोज थोडं लिहा' हा नवोदितांना मिळणारा सल्ला मला अर्धवट वाटतो. तो ज्याच्या ताटात कुणीतरी वेळेवर वाढतं त्याला लागू पडतो. आजारी सासऱ्यांचं पथ्यपाणी करून, मुलांचे डबे भरून कामावर जाणाऱ्या बाईला तो सांगणं म्हणजे तिच्या अडचणीला स्वभावदोष ठरवणं आहे. आपल्या सार्वजनिक मदतीचा रोखही हेच दाखवतो. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे आणि ती उपयोगी आहे. पण ती पहिलं पुस्तक छापण्यासाठी, म्हणजे हस्तलिखित हाती असलेल्यासाठी. ते हस्तलिखित तयार होईपर्यंत घरातलं कोण सांभाळणार, हा प्रश्न आपण अजून खाजगीच मानतो.