जुन्या संगणकाचा सीडी रायटर

आमच्या गटाच्या जुन्या संगणकात आजीबाईंच्या जात्यावरच्या ओव्या साठवलेल्या आहेत. तो बंद पडायच्या आत त्या सीडीवर उतरवायला हव्यात. पण रायटर चालत नाही म्हटलं की लोक सांगतात, "ड्रायव्हर विकत आणा."

ड्रायव्हर म्हणजे यंत्राची आणि संगणकाची ओळख करून देणारा प्रोग्राम. विंडोज एक्सपीत सीडी रायटरचा ड्रायव्हर आधीपासूनच असतो. म्हणून त्यासाठी आम्ही पैसे मोजत नाही. इंटरनेटवरून कुठलाही 'फुकट ड्रायव्हर' घेत नाही. सोबत व्हायरस येऊ शकतो.

आम्ही आधी रायटरच्या दारावरची खूण पाहतो. नुसतं 'रॉम' असेल, तर तो फक्त वाचतो, लिहीत नाही. मग 'माय कॉम्प्युटर'वर राइट क्लिक, 'मॅनेज', 'डिव्हाइस मॅनेजर'. तिथे रायटरच्या नावावर पिवळी खूण असेल, तर 'अनइन्स्टॉल' करून संगणक पुन्हा सुरू करायचा. विंडोज त्याला आपोआप ओळखतं. खूण तरीही राहिली, तर जुन्या बर्निंग सॉफ्टवेअरच्या नोंदी आड येत असतील; त्या जाणकाराकडूनच काढून घ्याव्यात. नावच दिसत नसेल, तर वीज बंद करून आतली वायर सैल आहे का ते पाहावं.

एक्सपी सीडीवर स्वतः लिहितं. डीव्हीडीसाठी वेगळं सॉफ्टवेअर लागतं. सीडीवर सुमारे ७०० एमबी मावतं. दोन प्रती काढा, दुसऱ्या यंत्रावर वाजवून पाहा आणि एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. तोवर मूळ ओव्या पुसू नका.