निराळ्या रीतीने शिकणारे मूल आणि त्याचा हक्क
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या पालकांच्या सभेतील भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी गतकाळाच्या आठवणी सांगणारे पुष्कळ आहेत, आणि ते काम आपल्यातील वडीलधारी मंडळी माझ्याहून अधिक चांगले करतील. मला आज काही थोड्या घरांविषयी बोलावयाचे आहे. ज्या घरातील एखादे मूल हाक मारली तरी वळून पाहत नाही, किंवा पाच वर्षांचे झाले तरी बोलत नाही, किंवा चौथीत गेले तरी ज्याला दोन अक्षरे जोडता येत नाहीत, अशा घरांविषयी. पाहुणे आले म्हणजे हे मूल आतल्या खोलीत असते. कित्येकदा ते देवळातही आणले जात नाही.

अशा आईबापांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की आमच्या हातून काय पाप घडले? जन्मांध मनुष्यास पाहून शिष्यांनी प्रभूस हाच प्रश्न केला होता, आणि प्रभूने त्या मनुष्यास व त्याच्या आईबापांस, दोघांसही, त्या दोषातून मुक्त केले. त्या प्रश्नाचा निकाल लागलेला आहे. शेजारणीने पुनः काढला तरी आपण तो उकरू नये. विचारण्याजोगा प्रश्न दुसराच आहे: या मुलाचा शिक्षणावर हक्क कोणता, आणि तो पदरात कसा पाडून घ्यावा?

1885 च्या सुमारास मुंबईस बिशप लिओ म्यूरिन यांनी मूकबधिर मुलांकरिता शाळा उघडली. अशा शाळांपैकी आपल्या देशातील ती अगदी आरंभीची होय. त्या काळी ते केवळ दयेचे कृत्य होते. आज ते तसे राहिलेले नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 साली झाला व 19 एप्रिल 2017 पासून अमलात आला. 1995 च्या कायद्यात सातच प्रकारांची दिव्यांगता गणली होती. आता ती एकवीस प्रकारांची आहे. आंधळेपण, बहिरेपण, पांगळेपण यांजबरोबर मतिमंदत्व, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, वाचन-लेखन-गणितातील अध्ययन अक्षमता ही तीत आहेत. आणि आपल्या विदर्भात ज्याचे नाव घरोघरी ठाऊक आहे तो सिकलसेलही आहे.

आता ज्या गोष्टीविषयी सर्वांत अधिक गैरसमज आहे तिजकडे वळतो. ‘चाळीस टक्के’ हा शब्द आपण ऐकला असेल. प्रमाणपत्रावर चाळीस अथवा अधिक टक्के दिव्यांगता लिहिली असेल, तर त्या मुलास वयाच्या सहाव्यापासून अठराव्या वर्षापर्यंत विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. आणि ते जवळच्या शाळेत घ्यावे की विशेष शाळेत, ही निवडही त्याची आहे. इतर मुलांस शिक्षणहक्काच्या कायद्याने हा लाभ चौदाव्या वर्षापर्यंतच आहे. पुढे महाविद्यालयातील राखीव जागाही याच टक्क्यांवर अवलंबून असतात. परंतु शाळेचे दार उघडण्यास चाळीस टक्के लागत नाहीत! सरकारी, अनुदानित अथवा मान्यताप्राप्त अशा कोणत्याही शाळेस मूल दिव्यांग आहे म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, मग टक्के तीस असोत वा कागद मुळीच नसो. “आधी सर्टिफिकेट आणा, मग पाहू,” असे कोणी म्हटल्यास नम्रपणे ते लेखी मागावे. लेखी देण्यास बहुधा कोणी धजत नाही.

उलट पक्षी, कित्येक आईबाप कागदच करीत नाहीत. मुलीच्या नावावर शिक्का बसेल, तिच्या बहिणीचे लग्न अडेल, हे भय. मी त्या भयास हसत नाही. गाव मी पाहिले आहे. तरी एवढे सांगतो की शिक्का कागदाने बसत नाही, तो गावाने आधीच मारलेला असतो. कागदाने मदत तेवढी मिळते.

प्रमाणपत्राकरिता अर्ज शासनाच्या स्वावलंबन संकेतस्थळावर भरावा लागतो. आधार कार्ड, फोटो व पत्त्याचा पुरावा जवळ ठेवावा. मग वाशीमच्या रुग्णालयात तपासणी होते. कोणत्या वारी कोणते डॉक्टर बसतात हे आधी विचारून निघावे, नाही तर रिसोड-मानोऱ्याहून आलेल्या माणसाची सोयाबीन काढणीतील एक दिवसाची मजुरी फुकट जाते. हे प्रमाणपत्र सबंध देशात चालते, म्हणून पुण्यामुंबईकडे कामास जाताना ते घरी पेटीत ठेवून जाऊ नये. काही प्रमाणपत्रांस मुदत असते, ती पाहावी. निर्णय मान्य नसेल तर अपील करण्याची सोय कायद्यातच आहे.

अध्ययन अक्षमतेची गोष्ट जरा निराळी. तिचे प्रमाणपत्र अगदी लहान वयात मिळत नाही. पुढे पुनः तपासणी होते. परंतु तत्पूर्वी मुलाचे डोळे व कान तपासून घ्या. कित्येक ‘ढ’ मुलांस चष्म्याचीच गरज असते. तसेच तांड्यावरचे जे मूल घरी गोरमाटी बोलते, त्यास पहिलीत मराठी उमजली नाही तर ती दिव्यांगता नव्हे. तपासणाऱ्यास घरची भाषा अवश्य सांगावी.

समग्र शिक्षा योजनेखाली तालुक्याच्या गटसाधन केंद्रात विशेष शिक्षक असतात. मुख्याध्यापकांकडून त्यांची भेट मागून घ्यावी. ज्या मुलाची दिव्यांगता तीव्र अथवा बहुविध आहे, त्यास घरी शिक्षण घेण्याचा हक्क आहे. पण शाळा नकोशी झाली म्हणून मूल घरी बसवणे हा त्याचा अर्थ नव्हे. दहावी-बारावीच्या परीक्षेत लेखनिक व वाढीव वेळ मिळतो, मात्र त्याचा प्रस्ताव शाळेमार्फत वेळेवर गेला पाहिजे. आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. शाळेने दाद दिली नाही तर पंचायत समितीतील गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, आणि तेथेही काम न झाल्यास पुण्यास दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे लेखी तक्रार करावी. अर्जाची पोच घेण्यास विसरू नये.

सभेनंतर मी येथेच थांबणार आहे. ज्यांस अर्ज भरता येत नाही त्यांच्याकरिता आपल्या तरुण मंडळींपैकी दोघेतिघे बसतील. कागदपत्रे आज आणली नसली तरी चालेल. मुलाचे नाव व वय तेवढे सांगा.