धावपट्टी नसलेली तुकडी

अलास्काच्या टोकापासून पश्चिमेकडे बेटांची एक लांबलचक माळ गेली आहे. ही अल्युशियन बेटे. दुसऱ्या महायुद्धात, जून १९४२मध्ये, जपानी फौजांनी त्यांतली किस्का आणि अट्टू ही दोन बेटे घेतली. किस्काला बंदर चांगले होते, पण विमान उतरवावे अशी जमीन नव्हती. पाऊल टाकावे तिथे दलदल. म्हणून ५ जुलैला ‘किमिकावा मारू’ या जहाजातून सहा लढाऊ विमाने आली, ती पाण्यावरून उडणारी होती.

हे विमान मुळात जपानी नौदलाचे ‘झिरो’ हे लढाऊ विमानच. नाकाजिमा कारखान्याने त्याची चाके काढली, पोटाखाली होडीसारखा मोठा फ्लोट आणि पंखांखाली दोन छोटे फ्लोट बसवले. जादा इंधनही पोटाखालच्या फ्लोटमध्येच भरत. अशी ३२७ विमाने बनली. कल्पना हुशारीची होती, यात शंका नाही. पण ताशी ५३० किलोमीटरच्या आसपास धावणारे विमान ४३५वर आले. तो फ्लोट हवेत गेल्यावरही पोटाशी राहायचा, संकट आले म्हणून टाकून देता येत नव्हता.

किस्कावरच्या या विमानांच्या तुकडीचे नाव दोनदा बदलले. ऑगस्टमध्ये ती पाचवे हवाई पथक झाली, नोव्हेंबरमध्ये ४५२वे. हाल मात्र तेच राहिले. धुके, वारा आणि बंदरात घुसणाऱ्या लाटा. बांधून ठेवलेली विमाने वादळात आपटून फुटत. नवी येत, तीही जात. तरीही अमेरिकी बॉम्बफेकी विमाने दिसली की हे वैमानिक पाण्यावरून झेप घेत. त्यांच्या धैर्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

आता किस्कापासून सुमारे चारशे किलोमीटरवरच्या अडाक बेटावर चला. ३० ऑगस्टला अमेरिकी सैन्य तिथे उतरले. त्यांच्यापुढेही तीच दलदल होती. त्यांच्या अभियंत्यांनी भरतीचे पाणी शिरणारे एक खाजण शोधले. कोकणातल्या माणसाला खाजण म्हणजे काय ते सांगायला नको! त्यांनी बांध घालून पाणी अडवले, खाजण कोरडे केले आणि वाळूवर पोलादी जाळ्या अंथरल्या. १४ सप्टेंबरला त्याच धावपट्टीवरून बॉम्बफेकी विमाने किस्कावर गेली, आणि या वेळी त्यांच्यासोबत चाकांची वेगवान लढाऊ विमानेही होती. फ्लोटवाल्या ‘झिरो’चा त्यांच्यापुढे निभाव लागणे कठीण होते.

माझ्या मते किस्काच्या आकाशातली लढाई त्या खाजणातच निकाली निघाली. जपानने विमानाला पाण्यावर उतरायला शिकवले, अमेरिकेने पाणी हटवून जमीन केली.

किस्कावर धावपट्टीचे काम जपान्यांनीही काढले होते, पण ते बहुतांशी हातांनी चालले होते. २८ जुलै १९४३ रोजी दाट धुक्याच्या आडोशाने जपानी नौदलाने तिथली पाच हजारांहून अधिक माणसे तासाभरात जहाजांवर चढवून नेली. १५ ऑगस्टला दोस्त राष्ट्रांचे ३४ हजारांवर सैनिक किस्कावर चढाई करायला आले, तेव्हा बेटावर एकही जपानी सैनिक नव्हता आणि धावपट्टी अर्धवटच पडलेली होती.