मुंडन आणि केशवपन

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी विषय कळवला तेव्हा आपले कार्यवाह फोनवर क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "ताई, गणपतीच्या दिवसांत हा विषय?" मी विचारलं, तुमच्या नातवाचं जावळ कुठे काढलंत? म्हणाले, कोल्हापूरला, अंबाबाईला. म्हटलं, देवीला चालतं ते गणपतीला का चालू नये? तेव्हा कुठे कार्यक्रमपत्रिका छापायला गेली.

पण त्यांची शंका अगदी पोकळ नव्हती. डोकं भादरणं ह्या एकाच क्रियेत आपण मंगल आणि अमंगल दोन्ही भरून ठेवलं आहे. ते कसं झालं, हे आज जरा उकलून बघू.

जावळापासून सुरुवात करते. शास्त्रात त्याला चौल म्हणतात, इथे इंदुरात आपणही सर्रास मुंडन म्हणायला लागलोय. मामाच्या मांडीवर बाळ, न्हाव्याचा हात डोक्याला लागला की भोकाड, आणि समोरून खुळखुळा वाजवणारी दहा माणसं. माळव्याच्या हवेने आपल्याकडेही आता आत्याबाई केस झेलायला पुढे होते, आणि नेग घेतल्याशिवाय उठत नाही. महाराष्ट्रातली नातेवाईक मंडळी हे बघून चकित होतात. जावळ काढलं की केस दाट येतात, असं प्रत्येक आजी सांगते. तसं काही होत नाही. केसाचं मूळ कातडीच्या खाली असतं, वस्तरा तिथवर पोचतच नाही. कापलेलं टोक बोथट असतं, म्हणून हाताला राठ लागतं, एवढंच.

मग मुंज. मातृभोजन झालं की बटू आईच्या पानावरून उठतो आणि न्हाव्यापुढच्या पाटावर बसतो. घेरा, शेंडी, अंघोळ, लंगोटी. सकाळी आईच्या ताटात जेवलेलं पोर संध्याकाळी तिच्याकडेच भिक्षा मागतं. हल्ली शाळेत मुलं हसतात म्हणून चार केस कापून विधी उरकतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण घेरा ठेवलेला मुलगा आरशात बघून क्षणभर स्वतःलाच ओळखत नाही, ती गंमत त्यात हरवते, असं मला वाटतं.

तिसरं क्षौर आईवडील गेल्यावरचं. ह्याबद्दल आपण बोलत नाही, पण ते फार शहाणपणाचं आहे. उज्जैनला क्षिप्रेवर किंवा ओंकारेश्वरला नर्मदेवर जाऊन माणूस डोकं आणि मिशी उतरवून येतो. चार दिवसांनी तो सराफ्यात किंवा ऑफिसात दिसला की त्याला काही सांगावं लागत नाही. समोरचा आवाज खाली आणून विचारतो, "कोण गेलं?" आणि डोक्यावरचे केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. पहिल्या मासिकाला डोक्यावर नुसती काळी-करडी साय दिसते, सहाव्या महिन्याला कंगवा लागतो, वर्षश्राद्धापर्यंत भांग पडतो. दुःखाचं कॅलेंडर माणसाच्या डोक्यावरच उगवतं. लोकांनाही कळतं की आता ह्याला लग्नाचं आमंत्रण द्यायला हरकत नाही.

म्हणजे ह्या तिन्ही वेळा आयुष्य एका टप्प्यावरून दुसऱ्यावर जातं, केस जातात, आणि केस परत येतात. परत येतात म्हणून तो टप्पा ठरतो.

सिंहस्थात आपण उज्जैनला जाऊन आलेले पुष्कळ आहात. 2016च्या वेळी आखाड्यांच्या छावण्यांत नव्याने संन्यास घेणाऱ्यांचं मुंडन काहींनी पाहिलंही असेल. 2028मध्ये पुन्हा दिसेल. तिथे माणूस डोकं उतरवतो आणि स्वतःच्या हाताने स्वतःचंच पिंडदान करतो. जुना मनुष्य संपला, नाव बदललं. त्यानंतर नागा साधू जटा वाढवतात, त्यांना पुढे कात्री लागत नाही.

आता कोणी म्हणेल, दंडी संन्यासी तर आयुष्यभर मुंडन ठेवतात, मग तुमचा हा नियम कुठे टिकला? आणि आपल्या इंदुरातलंच उदाहरण घ्या. सध्या चातुर्मास आहे, गावात जैन साधु-साध्वींचा मुक्काम आहे. ते वस्तराही वापरत नाहीत, हाताने केस उपटतात. त्याला केशलोच म्हणतात, आणि तो ठराविक काळाने पुन्हा पुन्हा करायचा असतो. साध्वींनाही तेच व्रत. म्हणजे बाईचं डोकं कायमचं केशहीन असणं आपल्या शेजाऱ्यांकडे परमपूज्य आहे. साध्वी रस्त्याने निघाल्या की लोक चपला काढून बाजूला होतात. त्यांनी दीक्षा मागितलेली असते. घरच्यांची परवानगी मिळवायला काही जणी वर्षंवर्षं थांबलेल्या असतात.

हे डोळ्यापुढे ठेवा, कारण आता मी आपल्या माजघरात येते आहे.

आपल्याकडेही नवरा गेलेल्या बाईचं डोकं कायमचं केशहीन असे. तिला लाल आलवण नेसायला लागे. ती रस्त्यात आडवी आली तर त्याच गल्लीतली माणसं घरात परत जाऊन, पाणी पिऊन, पुन्हा निघत. तिला कोणी काही विचारलेलं नसे. विचारायचं तरी कुणाला? पुष्कळ जणी आठ-दहा वर्षांच्या असत. आणि हे एकदा होऊन संपत नसे. दर पंधरा दिवसांनी, महिन्याने न्हावी मागच्या दाराने येई. केस बोटभर वाढले की पुन्हा पाट मांडला जाई. मुलाच्या बाबतीत जे केस दुःख ओसरल्याची खूण म्हणून वाढू द्यायचे, तेच हिच्या बाबतीत अपराध ठरत. तिचा टप्पा कधी पारच पडू द्यायचा नव्हता.

आणि हीच मंडळी प्रयागला गेली की सुवासिनीचं वेणीदान करत. आजही करतात. नवरा संगमावर बायकोची वेणी घालतो, शेवटाची दोन बोटं कापतो, आणि ती गंगेला अर्पण होते. सुवासिनीला दोन बोटं पुरतात, त्याच घाटावर विधवेला पूर्ण क्षौर. वेणीदानाचे फोटो आपण कौतुकाने अल्बमला लावतो.

ह्याला आधार काय? काशीखंडातला एक श्लोक पुढे केला जाई. विधवेने वेणी बांधली तर परलोकात नवऱ्याला बंधन पडतं, असा त्याचा भाव. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात हा प्रश्न तपासला आहे. वेदांत, गृह्यसूत्रांत, मनुस्मृतीत विधवेच्या केशवपनाची आज्ञा नाही, रूढी बरीच नंतरची आहे, हा त्यांचा निष्कर्ष. काणे म्हणजे काही मूर्तिभंजक सुधारक नव्हते. तरी त्यांना तो काढावा लागला.

आणि सगळ्या मराठी समाजात हे होतं असंही समजू नका. मुख्यतः ब्राह्मणांत आणि त्यांचं बघून वर चढू पाहणाऱ्या काही घरांत. राजवाड्यासमोर आपण ज्यांच्या पुतळ्याला हात जोडतो, त्या अहिल्याबाई 1754 साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव पडल्यावर विधवा झाल्या, आणि 1767 पासून 1795 पर्यंत त्यांनी हे राज्य चालवलं. चित्रात बघा, पांढरं वस्त्र आहे, हातात पिंड आहे, डोक्यावर पदर आहे. आलवण नाही. त्यांच्याच राज्यात आलेल्या आपल्या पणज्यांच्या नशिबी मात्र ते आलं.

ह्या रूढीला पहिला जाहीर नकार कोणी दिला? सुधारकांची नावं आपल्याला पाठ असतात. आगरकरांनी 'सुधारका'त लिहिलं, हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो?' मध्ये यमूचं केशवपन असं लिहिलं की वाचणाऱ्यांच्या घशात घास अडकला. ती कादंबरी 1890 पासून 'करमणूक'मधून येत होती. पण त्याच 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा झाली, आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं त्यांनी ठरवलं. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. घरचा बाप, सासरा, दीर, उपाध्याय, कोणाचाही हात थरथरला नाही. ज्याला त्या कामाचे चार पैसे मिळायचे त्याने म्हटलं, हे पाप माझ्या हातून नको. आपल्या पाठ्यपुस्तकांत ह्याला एक ओळ मिळाली तर मिळते.

पार्वतीबाई आठवल्यांचं आत्मचरित्र मिळालं तर जरूर वाचा. 'माझी कहाणी' नाव. महर्षी कर्व्यांच्या दुसऱ्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, त्यांच्या ह्या धाकट्या बहीण. विसाव्या वर्षी विधवा झाल्या, रीतीप्रमाणे केशवपन झालं. पुढे हिंगण्याच्या आश्रमात काम करताना गावोगाव फिरून वर्गणी गोळा केली, तीही वपन केलेल्या डोक्याने. बहिणीने पुनर्विवाह केलेला, त्यामुळे लोक आधीच बिचकलेले. सोवळी बाई दारात आली तर निदान ऐकून तरी घेतील, हा हिशेब त्यांनी केला. अनेक वर्षांनी स्वतःच्या मनाने ठरवून त्यांनी केस वाढवले. तेव्हा टीका सनातन्यांनी केलीच, पण आजवर डोकं मुंडलेलं सोसून घेणाऱ्यांनाही त्यांचे केस सोसले नाहीत. त्या डगमगल्या नाहीत. 1918 साली त्या इंग्रजी शिकायला अमेरिकेला निघून गेल्या. चाळिशी उलटल्यावर! केस काढणं हा जसा संस्कार, तसा केस येऊ देणं हाही एक संस्कार असू शकतो, हे मला त्यांच्यामुळे कळलं.

आपल्या घरांकडे येते. आमच्या रामबागेतल्या जुन्या घरात एक मोठा फोटो होता. सगळं कुटुंब ओट्यावर ओळीने. डाव्या कडेला दाराच्या चौकटीत कपड्याचं एक टोक दिसतं, माणूस दिसत नाही. लहानपणी मी विचारायची, हे कोण? उत्तर यायचं, त्या काकू. कोणत्या काकू? त्याच, त्या. पहाटे उठून चाळीस माणसांचं सोवळ्याचं करणारी, आमच्या आजोबांना आईमागे वाढवणारी बाई, आणि तिचं नाव घरात एकाच म्हाताऱ्या आत्याला माहीत होतं. ती आत्या होती तोवर मी विचारून घेतलं. काकूंचं नाव यमुना. आता घरातल्या वंशावळीत ते लिहिलं आहे, शाईने. तुमच्याकडच्या फोटोंतही असं एखादं टोक असेल. नव्वदीच्या घरातलं कोणी अजून आहे तोवर विचारून घ्या. उठावन्याला भेटल्यावर विचारू, असं करू नका.

हे सगळं जुनं झालं, आता कुठे केशवपन, असं तुम्ही म्हणाल. वस्तरा गेला हे खरं. पण 2022च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीला ठराव करावा लागला की आमच्या गावात विधवेचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. एकविसाव्या शतकाची बावीस वर्षं झाल्यावर! त्या गावाचं कौतुक आहेच, पण ठराव लागला हेही लक्षात घ्या.

आणि आज डोक्यावरचे केस जातात ते दुसऱ्या कारणाने. इथे बसलेल्यांपैकी किती घरांत कर्करोग येऊन गेला आहे, हात वर करायला मी सांगणार नाही. काही औषधांनी पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांत केस पुंजक्यांनी हातात येतात. उशीवर, मोरीत, पोळीच्या कणकेत. म्हणून पुष्कळ बायका आधीच सगळे उतरवून घेतात. पार्लरवाली घरी येते, मुलगी किंवा नवरा शेजारी बसतो. हा निर्णय त्यांचा असतो, आणि त्यात मोठं धैर्य असतं. औषध थांबल्यावर एक-दोन महिन्यांत लव दिसायला लागते, कधी कधी सरळ केसांच्या जागी कुरळे येतात.

तर अशी बाई समोर आली की आपल्या तोंडून काय निघतं? "बघवत नाही गं." "नवरा असताना असं..." मी हे ह्याच सभागृहात ऐकलं आहे. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. ते माजघरातलं जुनं भय आहे, आजारापेक्षा त्या डोक्याचीच धास्ती वाटते. गेल्या वर्षी आपल्यातली एक भगिनी गौरींच्या हळदीकुंकवाला आली नाही. तब्येत बरी होती. मी फोन केला तर म्हणाली, "विग गरम होतो, आणि तशी आले तर बायकांना कुंकू लावताना अवघड होईल." तिचा नवरा शेजारच्या खोलीत टीव्ही बघत होता, म्हणजे आपल्या हिशेबानेही ती सुवासिनीच. तिकडे तिरुमलाला कल्याणकट्ट्यावर रोज कितीतरी तेलुगू, तामिळ सुवासिनी नवस म्हणून सगळे केस देतात, डोक्याला चंदन लावून, कपाळाला कुंकू लावून हसत फोटो काढतात. तिथे कोणालाच अवघड होत नाही.

मी आपल्या महिला समितीशी बोलले आहे. परवा संध्याकाळी साडेपाचला गौरींचं हळदीकुंकू आहे. ह्या वेळी दाराशी कुंकवाचा करंडा घेऊन मी स्वतः उभी राहणार आहे, माझे यजमान जाऊन सहा वर्षं झाली तरी. समितीतल्या दोघींनी आधी हरकत घेतली, मग त्यांनीच अत्तरदाणीचं काम मागून घेतलं. विग, स्कार्फ, नुसतं डोकं, पांढरे केस, जसं असेल तसं या. ओटी सगळ्यांची भरणार आहोत, तांदूळ-नारळ मोजून आणले आहेत.

आरतीला अजून वीस मिनिटं आहेत. कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा.