डोकरीचा जबाब आणि माझं सुंदर मराठी

(तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात दुसऱ्या दिवशी सकाळी झालेलं भाषण. बोललं तसंच उतरवून घेतलं आहे. दोन ठिकाणी फक्त वाक्यं आवरली आहेत.)



काल रात्री तारपा थांबला, सगळे झोपायला गेले, तेव्हा एक पोर माझ्याकडे आली. नाव सांगत नाही, तिनंच नको म्हटलं. बारावीला आहे. म्हणाली, "दादा, मला लेखक व्हायचंय. नुसतं वहीत लिहून ठेवणारी नाही. वाचणाऱ्याला काहीतरी लागलं पाहिजे, कुठंतरी काहीतरी हललं पाहिजे, असं लिहिणारी. पण संघटनेत आले तर तुम्ही मला नुसते अर्जच लिहायला बसवणार ना?"

मी म्हटलं, उद्या सांगतो. आणि मग रात्रभर मलाच झोप नाही.

आज फळ्यावर माझा विषय लिहिलाय 'वनजमिनीचे दावे व पुरावे'. तोच विषय घेणार आहे, घाबरू नका. पण तिच्या प्रश्नातून घेणार आहे. कारण मलाही लेखकच व्हायचं होतं. हे इथं फार लोकांना माहीत नाही. हसा, हसा.

मी आश्रमशाळेत होतो. तिथं पुस्तकांचं एक कपाट होतं, त्याला कुलूप. किल्ली एका गुरुजींकडे. त्यांचे कपडे धुतले की एक पुस्तक मिळायचं. असे मी बरेच कपडे धुतले. नववीत असताना कविता लिहिली. त्यात चांदणं होतं, गुलाब होता, कोणाची तरी वाट पाहणं होतं. आता आमच्या पाड्यात गुलाब कुठला? कारवीच्या कुडाचं घर, दारात शेवगा. पण पुस्तकातल्या कवितेत शेवगा नव्हता, म्हणून माझ्या कवितेतही नव्हता. ती कविता मी शहरातल्या एका मासिकाला पाठवली. परत आली. सोबत छापील चिठ्ठी, साभार परत. 'साभार' शब्दाचा अर्थ मला माहीत नव्हता. वाटलं काहीतरी चांगलंच असेल. चार दिवस खिशात घेऊन फिरलो.

त्याचं दुःख नाही. ती कविता परत यायलाच हवी होती. पण ती लिहिताना जी खोड लागली ती गेली नाही, आणि त्या खोडीनं पुढं एका बाईचं नुकसान केलं. ते आज सांगायचं आहे.

तुम्हाला माहीत आहे, आपले फॉरेस्ट प्लॉट कायम करण्यासाठी सरकारनं जी तारीख धरली ती 31 मार्च 1978. तेव्हा त्याच्या आधीपासून कसता हे दाखवावं लागायचं. 1991 साली सुप्रीम कोर्टाचा आदेश झाला, दाव्यांची चौकशी करा म्हणून. त्या चौकशीला आपण गावोगाव जबाब लिहून घेत होतो. ज्याच्याकडे दंडाची पावती आहे त्याचं सोपं. ज्याच्याकडे नाही त्याचं काय? त्याच्या तोंडचा शब्द. आणि तो शब्द कागदावर आणणारा कोण? दहावी पास झालेला, कविता लिहिणारा मी.

एका पाड्यावर एक डोकरी होती. नवरा गेलेला. पावती नाही, काही नाही. दोन तास बोलली. तिचं बोलणं मला आजही पाठ आहे, कारण त्यानंतर मी ते मनात शंभर वेळा ऐकलंय. ती म्हणाली:

"मोठा दुकळ पडला. आमी रस्त्यावर खडी फोडाया गेलो. सुकडी देत. दुसरे पावसाला घरी आलो तवा माझे पोटात धाकला पोऱ्या होता. तेच साली डोकऱ्याने मोहाचे खाली राब केला, नागली टाकली. गार्ड आला. पावती नाय दिली, कोंबडा नेला. काळा कोंबडा होता."

मी काय लिहिलं? मी लिहिलं, "आम्ही या धरणीमातेच्या कुशीत पिढ्यान्पिढ्या वास्तव्य करीत असून अनादी काळापासून सदर भूमी आमच्या घामाने सिंचित करीत आलो आहोत."

वाचून दाखवलं तेव्हा तिथल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, लेखक झालो. डोकरीनं अंगठा दिला. तिला काय कळलं असेल? तिला वाटलं, शिकलेला पोर लिहितो म्हणजे बरोबरच असेल.

चौकशीच्या दिवशी साहेबानं जबाब वाचला. विचारलं, "अनादी काळ म्हणजे कोणतं साल?" डोकरी माझ्याकडे बघायला लागली. साहेबानं तोच मजकूर तिला मोठ्यानं वाचून दाखवला आणि विचारलं, "हे तुम्ही सांगितलं?" ती खरं बोलणारी बाई. म्हणाली, "ह्या मी नाय बोलली." झालं. साहेबानं शेरा मारला, जबाब आपला नसल्याचे अर्जदार सांगते, कसवणुकीचे साल नमूद नाही. दावा अपात्र.

साहेबावर राग काढायला मलाही आवडलं असतं. आपण तहसीलसमोर घोषणा देतो तसा. पण या वेळी तो माझ्या कागदावरच बोट ठेवत होता.

आता तिचं बोलणं पुन्हा ऐका, आणि वह्या काढा, कारण हाच आजचा विषय आहे. मोठा दुकळ, खडी, सुकडी: म्हणजे 1972 चा दुष्काळ. सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, साहेबाच्या बापालाही ठाऊक आहे. दुसरा पाऊस म्हणजे 1973. पोटात धाकला: त्या धाकल्याचं नाव शाळेच्या रजिस्टरात आहे, तिथं साल लिहिलेलं आहे. (तारीख अर्थातच 1 जून. आपल्या सगळ्या पोरांचा जन्म 1 जूनला होतो, गुरुजींची कृपा. पण साल बरोबर असतं.) मोहाचे खाली: मोहाचं झाड आजही उभं आहे, प्लॉटच्या वरच्या हद्दीला. पंचनाम्यात दाखवता येतं. आणि कोंबडा! पावती का नाही, या प्रश्नाचं उत्तर तो कोंबडा आहे. पावतीच्या जागी तो गेला. तिनं रंगसुद्धा सांगितला होता.

साल, हद्द, साक्ष, सगळं तिच्या पाच-सहा वाक्यांत होतं. मी ते गावंढळ म्हणून काढून टाकलं आणि तिथं धरणीमाता बसवली.

बाई गं, तू विचारलंस की अर्जच लिहायला लावणार का. मी तुला सांगतो, अर्ज लिहिता न येणाऱ्यानं कविता लिहिली तर तीसुद्धा माझ्या गुलाबासारखीच होणार. पण याचा अर्थ अर्ज म्हणजेच साहित्य, असंही मी म्हणणार नाही. तसं म्हणणारे आपल्यात आहेत. कार्यकर्त्याला गप्प बसवायला ते वाक्य फार सोयीचं आहे. अर्जात डोकरीचा काळा कोंबडा पुरावा म्हणून येईल. पण गार्ड कोंबडा घेऊन गेल्यावर ती रात्री चुलीपुढं काय बोलली, नवऱ्यानं तिच्याकडे बघितलं की नाही बघितलं, हे कोणत्याच नमुन्यात भरायला जागा नाही. त्याला दुसरं लिहिणं लागतं. ते कोण लिहिणार?

आपल्याबद्दल लिहिलंच नाही असं नाही. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' 1970 चं. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वेठबिगार, लग्नगडी, 1945 चा उठाव, सगळं आहे त्यात. गोदावरीबाई आपल्या पाड्यांत राहिल्या, आपलं खाल्लं, मार सोसला, मग लिहिलं. त्यांचं ऋण आहे. मी ते पुस्तक माझ्या बाहासला वाचून दाखवलं होतं. तो ऐकत होता, मान हलवत होता. दोन-तीन रात्री झाल्यावर तो स्वतःच सांगायला लागला. त्याचा चुलता लग्नगडी होता. लग्नाला सावकाराकडून पैसे घेतले आणि नवरा-बायको दोघं त्याच्या घरी राबायला गेली. ती बायको कशी पळाली, कोणत्या रानातून, कोणी लपवली, हे तो सांगत होता. पुस्तकात नसलेलं. मी म्हटलं, लिहू नंतर. त्या वेळी मोर्चाची तयारी होती. मग निवडणूक आली. मग तो गेला.

ती बाई कोणत्या रानातून पळाली, ते आता सांगायला कोणी नाही.

अण्णाभाऊ साठे शाळेत दीड दिवस गेले म्हणतात. 'फकिरा' 1959 चं. मुंबईत कामगारांत राहून, पोवाडे रचत, सभा करत लिहिलं. शहाद्याकडे श्रमिक संघटनेत काम करणारे भिल्ल समाजातले वाहरू सोनवणे, त्यांचा 'गोधड' 1987 साली निघाला. म्हणजे चळवळीत राहून लिहिता येतं. यांनी लिहिलं. मी नाही लिहिलं. चळवळीनं वेळ दिला नाही हे अर्धं खरं. अर्धं असं की मला अजून गुलाबाचीच लाज वाटत होती आणि शेवग्याचीही.

आणखी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती सांगितली नाही तर ही पोर मला खोटा म्हणेल. आपल्या या बुलेटिनसाठी मागं एका साथीनं मजकूर दिला होता. त्याच्या पाड्यात एका विधवेला भुताळी ठरवून मारलं, तिला गाव सोडावं लागलं. मारणाऱ्यांत आपले सभासद होते. मजकूर चांगला होता, डोळ्यासमोर उभा राहत होता. स्टेन्सिल मीच कापत होतो. मी तो घेतला नाही. म्हटलं, आत्ता जमीनदाराच्या हातात कोलीत कशाला द्यायचं, पुढच्या अंकात बघू. पुढच्या अंकात जागा नव्हती. जागा कधी नसतेच. एका स्टेन्सिलवर ओळी किती बसतात ते तुम्ही पाहिलंय. त्या साथीनं नंतर काही दिलं नाही. विचारलं तर म्हणतो, लिहायचं सुचत नाही. ती विधवा तिच्या भावाकडे राहते, मला बाजारात दिसते. मी दुसऱ्या बाजूनं जातो.

तेव्हा तिला जसं लिहायचंय तसं लिहायचं असेल, तर तिला सावकाराचं लिहावं लागेल, गार्डाचं लिहावं लागेल, आणि आपलंही लिहावं लागेल. आणि समोर बसलेल्या पुढाऱ्यांनो, हे तुम्हाला सांगतोय, ते छापावं लागेल. मी हात वर करायला सांगत नाही. पण कमिटीच्या बैठकीत हा विषय घ्या, मी लेखी देतो. आणि तिला महिन्यातले चार दिवस मोकळे द्या. अर्ज नाही, मोर्चा नाही, पावत्या फाडणं नाही. दारूबंदीच्या मोर्चाला पोरी पुढं लागतात हे मला माहीत आहे. तरी द्या.

भाषेचंही तिनं विचारलं होतं. वारलीत लिहू की मराठीत? मी काय सांगणार. डोकरी बोलेल ते डोकरीच्या बोलीत, तू सांगशील ते तुला येईल त्या मराठीत, एवढं तर सुरू कर. आपल्या धवलेरी लग्नात रात्रभर गातात, त्यांना कोणी विचारत नाही की हे कोणत्या भाषेत. एक मात्र कर. जे लिहिशील ते ज्याचं आहे त्याला वाचून दाखव. तो मध्येच थांबवतो का बघ. टाळ्या वाजवणाऱ्या पोरांना वाचून दाखवू नकोस, मी ते करून बसलोय.

डोकरी अजून आहे. फेरचौकशीसाठी आपण अर्ज केला आहे, आणि या वेळी जबाब नव्यानं घ्यायचा आहे. येत्या सोमवारी तिच्या पाड्यावर जायचंय. मी येणार, पण मी लिहिणार नाही. ही पोर लिहील. डोकरी म्हातारी झाली तरी तिखट आहे, चुकलं तर तोंडावर सांगेल. मोहाच्या झाडापाशी बसूनच लिहायचं. शाळेच्या रजिस्टराचा उतारा आधी काढून ठेवा, ते काम वसतिगृहातल्या दोघांकडे दिलं आहे. जबाबाच्या तीन प्रती: एक तहसीलला, एक आपल्या फायलीत, तिसरी तिच्या वहीत. तिसऱ्या प्रतीचं ती काय करते ते आपण विचारायचं नाही.

एसटी सकाळी सातला नाक्यावरून. परत येईपर्यंत संध्याकाळ होईल, भाकर बांधून आणा. डोकरीसाठीही एक जास्त आणा.